वाघबारस आणि राघोजी भांगरे

बालमित्रांनो, आपल्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डोंगराकडचे आदिवासी दिवाळीत वाघबारस पाळतात. गुराखी रानातल्या वाघोबाला शेंदूर लावतात, खिरीचा नैवेद्य दाखवतात. वर्षभर गुरंढोरं सांभाळली म्हणून देवाचे उपकार मानतात. मग पोरं वाघ होऊन नाचतात, पळतात.

याच मुलखात, देवगावी, ८ नोव्हेंबर १८०५ रोजी महादेव कोळी समाजात राघोजी जन्मले. वडिलांचे नाव रामजी. पुढे १८१८ साली इंग्रजांचे राज्य आले. सावकार व्याजापायी पिकलेलं धान्य नेत, जमिनीही घेत. कणगी रिकामी झाली तर सण कसला गोड लागणार? राघोजींना हे पाहवेना. त्यांनी माणसं जमवून सावकार आणि सरकार यांच्याविरुद्ध बंड केले. १८४५ साली ते चांगलेच पेटले. डोंगर पायाखालचे आणि लोक पाठीशी, त्यामुळे राघोजी काही सापडेनात.

जानेवारी १८४८ मध्ये ते विठोबाच्या पंढरपुरात गेले आणि तिथे पकडले गेले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. वय अवघे ४२ वर्षे!

मित्रांनो, वाघबारशीची खीर खाताना या शूर वाघाचीही आठवण ठेवू या.