एदुआर ल्युका आणि ३९ अंकी मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ या ३९ अंकी संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानेही नि:शेष भाग जात नाही. म्हणजेच ती मूळ संख्या आहे. २ चा १२७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला, की ती मिळते. हे १८७६ साली केवळ हाताने आकडेमोड करून दाखवून दिले, फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी.

ल्युका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी अमियाँ येथे झाला. पॅरिसच्या वेधशाळेत काही काळ नोकरी, १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात अधिकारी आणि पुढे आयुष्यभर शाळामास्तरकी, असा त्यांचा जीवनक्रम. ओढ मात्र अंकगणिताची. मेर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये २ च्या कोणत्या घातातून १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते, याची यादी दिली होती. तीत ६७ आणि १२७ हे घातांक होते. खरेखोटे करायचे कसे? लहान-लहान संख्यांनी भागून पाहायचे, तर १२७ साठी थेट २० अंकी भाजकांपर्यंत जावे लागते. हजार पिढ्या खपल्या तरी ते काम संपणार नाही.

ल्युकांनी भाजक शोधणेच सोडून दिले. त्यांची रीत १२७ या छोट्या संख्येवर पडताळता येते. तीही २ च्या ७व्या घातातून १ वजा करून मिळते. ३ पासून सुरुवात करा. वर्ग करून २ वजा करा : ७. पुन्हा तसेच : ४७. पुढे २२०७, याला १२७ ने भागून बाकी ४८ तेवढी ठेवा. ४८ च्या वर्गातून २ गेले, २३०२, बाकी १६. १६ च्या वर्गातून २ गेले, २५४, बाकी शून्य! पाच पायऱ्यांत शून्य आले, म्हणून १२७ मूळ. ३९ अंकी संख्येसाठी अशा १२५ पायऱ्या लागतात, आणि एका पायरीत चूक झाली की सारे वाया. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने १२७ एके. म्हणून हा हिशेब बुद्धिबळासारख्या पटावर सोंगट्या मांडून करण्याची युक्ती त्यांनी सुचवली. ६७ बाबत मेर्सेन चुकला, हेही त्यांनी एकही भाजक न सांगता दाखवले. त्या संख्येचे दोन अवयव अमेरिकी गणिती कोल यांनी १९०३ मध्ये काढले.

ल्युकांची ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वात मोठी होती. लेमर यांनी पुढे सुधारलेली त्यांची कसोटी आज संगणकावर चालते. २०२४ मध्ये सापडलेल्या चार कोटींहून अधिक अंकांच्या मूळ संख्येवर तिनेच शिक्कामोर्तब केले.

मुलांच्या हातातला ‘हनोईचा मनोरा’ हा चकत्यांचा खेळही ल्युकांचाच, १८८३चा. काशीच्या देवळात पुरोहित ६४ सोन्याच्या चकत्या हलवत आहेत, ही त्याबरोबर पसरलेली कथा कल्पित. पण हिशेब खरा. २ चा ६४वा घात वजा १ एवढ्या चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली, तर सुमारे ५८,५०० कोटी वर्षे!

१८९१ मध्ये एका विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून भांडी पडली आणि बशीची कपची उडून ल्युकांचा गाल कापला. जखम किरकोळच, पण ती चिघळली. त्वचेच्या तीव्र जंतुसंसर्गाने ३ ऑक्टोबरला, वयाच्या ४९व्या वर्षी ते गेले. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून ३७ वर्षे होती. मनोरंजक गणितावरील त्यांच्या चार खंडांपैकी शेवटचे दोन त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले.