बाहुलीचे डोके आणि शेवटचे व्याख्यान

मेंदूतली गाठ काढण्यापूर्वी सर्जनला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असाव्या लागतात. गाठ नेमकी कुठे आहे आणि कोणत्या वाटेने गेले तर आजूबाजूच्या मेंदूला कमीत कमी धक्का लागेल. एमआरआयमुळे डोक्याच्या आतल्या भागाची एकापुढे एक पातळ कापांची छायाचित्रे मिळतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला संगणक हे काप जोडून पडद्यावर संपूर्ण डोक्याची त्रिमित प्रतिमा उभी करू लागले होते. अडचण वेगळीच होती. ती प्रतिमा हवी तशी वळवायची, हव्या त्या जागी छेदून पाहायची, तर माउस, कळा आणि आकडे यांच्याशी झटापट करावी लागे. ज्याचे हात मिलिमीटरच्या हिशेबाने चालतात, तो सर्जन संगणकासमोर बसला की अडाणी ठरत असे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात संगणकशास्त्राच्या एका गटाने यावर उपाय शोधला. त्यांनी सर्जनच्या एका हातात बाहुलीचे डोके दिले आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पारदर्शक पट्टी. दोन्हींना जागा आणि दिशा टिपणारे संवेदक जोडलेले होते. बाहुलीचे डोके वळवले की पडद्यावरचे रुग्णाचे डोके तसेच वळे. पट्टी बाहुलीच्या कपाळापाशी आडवी धरली की पडद्यावर मेंदूचा तोच आडवा छेद दिसे. हे तंत्र पूर्वी कधीही न पाहिलेल्या मेंदूशल्यचिकित्सकांना थोडक्यात ओळख करून दिली की पुरे, वेगळे प्रशिक्षण लागत नसे. डोके हातात धरून पाहायचे कसे, हे त्यांना कोणी शिकवायची गरजच नव्हती.

१९९४ साली या कामाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्यांत केन हिंकली हा संशोधक विद्यार्थी होता, नील कॅसेल हे मेंदूशल्यचिकित्सक होते आणि हिंकलीचे मार्गदर्शक प्राध्यापक होते. त्यांचे नाव रँडी पॉश. पुढे तेरा वर्षांनी हे नाव जगभर पोहोचले, ते मात्र कर्करोगाने मरणाच्या दारात उभे असताना दिलेल्या एका व्याख्यानामुळे. त्या व्याख्यानाच्या झोतात त्यांचे आधीचे काम थोडे झाकोळून गेले. खरे तर दोन्हींमागे एकच वृत्ती होती. माहिती ज्याच्या उपयोगाची आहे, ती त्याच्या हातात, त्याला पेलेल अशा रूपात द्यायची.

पॉश यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९६० रोजी बाल्टिमोर इथे झाला आणि बालपण मेरीलँड राज्यातल्याच कोलंबिया या गावी गेले. वडील मोटारींचा विमा विकत, आई इंग्रजीची शिक्षिका. मुलाला आपल्या खोलीच्या भिंती रंगवायची हुक्की आली, तेव्हा आईवडिलांनी अडवले नाही. त्याने भिंतीवर रॉकेट काढले, लिफ्टचे दार काढले आणि वर्गसमीकरणाचे सूत्रही लिहून ठेवले. घर विकताना भाव कमी येईल, हा विचार त्या घरात दुय्यम होता.

ब्राऊन विद्यापीठात शिकताना त्यांना अँड्रीज व्हॅन डॅम हे गुरू भेटले. संगणक आरेखनाच्या क्षेत्रातले ते आद्य प्राध्यापकांपैकी एक. पॉश हुशार होते आणि ती हुशारी मिरवतही होते. एकदा फेरफटका मारताना व्हॅन डॅम यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की, लोकांना तू उद्धट वाटतोस आणि आयुष्यात जे काही करू शकशील त्याला त्यामुळे मर्यादा पडेल. पॉश हे बोलणे जन्मभर विसरले नाहीत. पीएचडीचा आग्रहही व्हॅन डॅम यांचाच. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने पॉश यांना आधी प्रवेश नाकारला होता. व्हॅन डॅम यांनी शब्द टाकल्यावर दार उघडले आणि १९८८ साली तिथूनच त्यांनी पीएचडी घेतली. त्याच वर्षी ते व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवू लागले.

त्या काळी आभासी वास्तव हा श्रीमंत प्रयोगशाळांचा खेळ होता. डोळ्यांपुढे छोटे पडदे बसवलेले शिरस्त्राण, बोटांची हालचाल ओळखणारे हातमोजे आणि सगळे चालवणारे बलाढ्य संगणक यांची किंमत सामान्य विद्यापीठाच्या आवाक्याबाहेर असे. पॉश यांनी व्हिडिओ गेमसोबत मिळणारा खेळण्यातला हातमोजा आणि साधा संगणक घेऊन पाच हजार डॉलरच्या आत अशी यंत्रणा उभी केली. १९९१च्या त्या निबंधाला त्यांनी नावही मिस्कील दिले. रोज पाच डॉलरमध्ये आभासी वास्तव, असा त्याचा अर्थ. प्रतिमा ओबडधोबड असली तरी डोके वळवल्याबरोबर दृश्य वळले पाहिजे, हे त्यांनी पक्के धरले होते. दृश्य मागे रेंगाळले की मेंदूची फसगत होत नाही आणि आभास तुटतो.

याच वर्षांत त्यांनी रोनाल्ड विल्यम्स यांच्यासह सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी एक प्रयोग केला. या मुलांना पुष्कळदा सगळे समजत असते. पण जीभ, ओठ आणि घसा यांच्या स्नायूंवर ताबा नसल्याने बोलता येत नाही. अक्षरे किंवा चित्रे निवडून यंत्राकडून बोलवून घेणे शक्य असते, पण ते फार संथ. पॉश यांच्या गटाने उलटी दिशा धरली. मुलाला जी हालचाल जमते, मग ती हाताची असो वा डोक्याची, ती संवेदकाने टिपायची, तिचा आवाका मोजायचा आणि तिच्यावर आवाज निर्माण करणारे यंत्र चालवायचे. प्रत्येक मुलासाठी हे माप वेगळे बेतायचे, शिंपी कपडे बेततो तसे. मुलाने यंत्रासारखे होण्याऐवजी यंत्राने मुलासारखे व्हायचे, हा या प्रयोगाचा गाभा होता.

विद्यार्थ्यांना हेच शिकवताना ते पहिल्या तासाला वर्गात एक व्हीसीआर आणि मोठा हातोडा घेऊन येत आणि सर्वांसमोर तो व्हीसीआर फोडून टाकत. वापरणाऱ्याला एखादे यंत्र समजत नसेल तर दोष त्याचा नाही, यंत्र बनवणाऱ्याचा आहे, एवढे विद्यार्थ्यांच्या डोक्यात कायमचे बसावे म्हणून हा खटाटोप.

१९९५ साली ते रजा घेऊन डिस्नेच्या संशोधन विभागात गेले. अल्लादिनच्या जादुई गालिच्यावरून आभासी शहरात उडण्याचा खेळ तिथे तयार होत होता. सुमारे ४५ हजार प्रेक्षकांवर त्याची चाचणी झाली. तंत्र कितीही नवे असले तरी लोकांना त्यातली गोष्ट हवी असते, हे तिथे दिसून आले.

१९९७ मध्ये ते कार्नेगी मेलनला प्राध्यापक म्हणून परतले. तिथे त्यांनी आभासी जगे उभारण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. संगणक, चित्रकला, नाट्य अशा वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांची चौकडी बनवायची आणि दोन आठवड्यांत एक जग उभे करायचे. मग चौकडी मोडायची, नवी बनवायची. हाणामारीचे गोळीबार आणि अश्लीलता सोडून काहीही चालेल, एवढीच अट. सत्राच्या अखेरीस होणारे प्रदर्शन पाहायला सभागृह तुडुंब भरे. प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर काम करणे किती सोपे वा अवघड गेले, हे सहकारी नोंदवत आणि पॉश तो आलेख त्या विद्यार्थ्यालाच दाखवत. व्हॅन डॅम यांनी फेरफटका मारताना जे सांगितले होते, ते आता आकड्यांत सांगितले जाऊ लागले. नाट्यविभागातले प्राध्यापक डॉन मॅरिनेली यांच्या जोडीने त्यांनी मनोरंजन तंत्रज्ञानाचे केंद्रही उभे केले.

त्यांचे सर्वांत दूरवर पोहोचलेले काम म्हणजे ‘ॲलिस’ हे सॉफ्टवेअर. प्रोग्रॅमिंग शिकणारी बरीच मुले पहिल्या काही दिवसांतच माघार घेतात, कारण एक स्वल्पविराम चुकला तरी सगळे अडते. ॲलिसमध्ये मूल त्रिमित पात्रे घेऊन गोष्ट रचते आणि आज्ञांचे तयार तुकडे माउसने ओढून जोडते. नवशिक्यांना वापरायला देऊन, ते कुठे अडतात हे पाहून पॉश यांच्या गटाने त्यातली भाषा बदलली. गणिती अक्षांऐवजी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे शब्द आले. मुलाला वाटते आपण सिनेमा करतो आहोत. प्रत्यक्षात ते प्रोग्रॅमिंग शिकत असते.

२००६च्या उन्हाळ्यात पॉश यांच्या पोटाच्या वरच्या भागात हलकेसे दुखू लागले. पुढे कावीळ दिसली. आधी यकृतदाहाची शंका आली, पण सीटी स्कॅनने स्वादुपिंडाचा कर्करोग दाखवला. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेले असते. तिथली गाठ हाताला लागत नाही आणि फार काळ काही जाणवूही देत नाही. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात असेल तर ती पित्तनलिका दाबते आणि कावीळ होते. वजन विनाकारण घटणे, भूक मरणे, पाठीत जाणारी पोटदुखी, पन्नाशीच्या पुढे अचानक झालेला मधुमेह, ही या रोगाची इतर चिन्हे. ती बहुतेक वेळा दुसऱ्याच साध्या कारणाने होतात. म्हणून अंगावर काढली जातात. कावीळ झाली की तिचे कारण तपासून घेतलेच पाहिजे. निदानाच्या वेळी पाचांपैकी जेमतेम एका रुग्णाची गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असते.

पॉश त्या एकांत मोडत होते. १९ सप्टेंबर २००६ रोजी त्यांच्यावर व्हिपल शस्त्रक्रिया झाली. तीत स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले अवयव पुन्हा जोडतात. पोटाच्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी ही एक. त्यानंतर ह्यूस्टनला केमोथेरपी आणि किरणोपचारांचा कडक कार्यक्रम झाला.

२००७च्या ऑगस्टमध्ये ते नेहमीच्या तपासणीसाठी पत्नीसह ह्यूस्टनला गेले. डॉक्टर येण्याआधी खोलीतल्या संगणकावर त्यांचे कागद उघडेच राहिले होते. पॉश यांनी स्वतःच आपले स्कॅन उघडले. यकृतात दहाएक गाठी दिसत होत्या. ज्याने आयुष्यभर डॉक्टरांना पडद्यावरची प्रतिमा नीट दिसावी म्हणून धडपड केली, त्याने आपले भविष्य अशा रीतीने पडद्यावरच वाचले. तीन ते सहा महिने प्रकृती बरी राहील, असे डॉक्टरांनी सांगितले.

१८ सप्टेंबर २००७ रोजी कार्नेगी मेलनच्या सभागृहात सुमारे चारशे लोकांपुढे ते उभे राहिले. सुरुवातीलाच त्यांनी ते स्कॅन मोठ्या पडद्यावर दाखवले, गाठींकडे बोट केले आणि पुढे त्या विषयावर रडगाणे गायले नाही. आपण अजून धडधाकट आहोत हे दाखवायला मंचावर जोर काढले. मग लहानपणीच्या स्वप्नांविषयी बोलले. वजनरहित अवस्थेत तरंगणे, विश्वकोशात नोंद लिहिणे, डिस्नेमध्ये काम करणे ही स्वप्ने पुरी झाली होती. व्यावसायिक फुटबॉल खेळणे राहून गेले होते आणि त्यातूनही आपण काय शिकलो हे त्यांनी सांगितले. शेवटी त्यांनी उलगडा केला की, हे व्याख्यान समोर बसलेल्यांसाठी नव्हतेच. त्यांना तीन मुले होती, पाच, दोन आणि एक वर्षाची. धाकट्या दोघांना बाप आठवणारही नव्हता. त्यांनी मोठेपणी पाहावे म्हणून हे चित्रण होते. ॲलिसमध्ये मुलांना सिनेमाच्या मिषाने जसे प्रोग्रॅमिंग शिकवले, तसाच हाही एक हुलकावणीचा डाव होता.

चित्रण इंटरनेटवरून लाखो लोकांनी पाहिले. पत्रकार जेफ्री झॅस्लो यांच्या मदतीने त्याचे पुस्तक झाले. कुटुंबाला माहेरच्या माणसांचा आधार मिळावा म्हणून पॉश यांनी व्हर्जिनियातल्या चेसापीक इथे बिऱ्हाड हलवले होते. तिथे केमोथेरपी घेत असताना हृदय आणि मूत्रपिंडांचा त्रास सुरू झाला. तरीही मार्च २००८ मध्ये ते अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेले. या रोगातून पाच वर्षे वाचणाऱ्यांचे प्रमाण तेव्हा शंभरात पाचाच्या आसपास होते आणि संशोधनावर खर्च फार थोडा होत होता, तो वाढवावा ही त्यांची मागणी होती. आज ते प्रमाण अमेरिकेत शंभरात बारा-तेरापर्यंत आले आहे.

२५ जुलै २००८ रोजी, निदानानंतर सुमारे बावीस महिन्यांनी, वयाच्या ४७व्या वर्षी पॉश गेले. कार्नेगी मेलनमध्ये २००९ साली संगणकशास्त्राची इमारत आणि कलाविभागाची इमारत जोडणारा पादचारी पूल बांधला, त्याला त्यांचे नाव दिले आहे. ॲलिसचे काम त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुढे नेले. ते आजही विनामूल्य मिळते आणि शाळांतली मुले त्यात गोष्टी रचत बसतात.