फादर हेन्री हेरास, ये. सं. : सर्वांगीण शिक्षणाचा वस्तुपाठ

अंबाडी (ता. भिवंडी) : बारावीचा निकाल लागला की अंबाडी-वज्रेश्वरी परिसरातील घराघरांतून महाविद्यालयीन प्रवेशाची लगबग सुरू होते. कुणी भिवंडीला जातो, कुणी वाड्याला, कुणी वसईला, तर एखादा थेट मुंबई गाठतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर या मुलांच्या वेळापत्रकात मुख्य विषयासोबत आणखी काही विषय आले आहेत : भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, पर्यावरण, शिवाय दुसऱ्या विद्याशाखेतील एखादा विषय. मुलगा हिशेब शिकायला गेला, त्याला इतिहास कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. फी, एसटीचा पास आणि खाणावळीचा खर्च पोटाला चिमटा घेऊन भागवणाऱ्या आईवडिलांचा हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा एका धर्मगुरूचे जीवन वाचकांसमोर ठेवावे, असे वाटते. ते धर्मगुरू म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ख्यातनाम इतिहासकार फादर हेन्री हेरास.

फादर हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी स्पेनमधील बार्सिलोना शहरी झाला. तरुणपणीच त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. संत इग्नाती लोयोला यांनी स्थापिलेल्या या संघात धर्मगुरू होण्याचा मार्ग लांबचा असतो. आरंभी प्रार्थना व आत्मपरीक्षणाची वर्षे, मग भाषा व वाङ्मय, त्यानंतर तत्त्वज्ञान, मध्ये काही काळ अध्यापन किंवा अन्य सेवाकार्य आणि शेवटी ईशज्ञान. येशूसंघाने १५९९ साली आपल्या शाळा-महाविद्यालयांसाठी जो अभ्यासक्रम निश्चित केला, त्याचाही क्रम असाच होता. आधी भाषा शुद्ध व्हावी, मग विचार करता यावा आणि त्यानंतरच विशेष विषयाकडे वळावे, अशी त्यामागील धारणा होती. वसईच्या किल्ल्यात फिरताना येशूसंघीयांच्या चर्चचे आणि महाविद्यालयाचे भग्नावशेष आपण पाहतो. त्या भिंतींच्या आत हीच शिक्षणपरंपरा नांदत होती. हेरास तिचेच अपत्य होते.

पहिल्या महायुद्धामुळे मुंबईच्या मिशनकार्यावर मोठे संकट कोसळले. १८६९ साली स्थापन झालेले सेंट झेवियर्स महाविद्यालय जर्मन येशूसंघीयांनी नावारूपास आणले होते. इंग्रज सरकारने युद्धकाळात जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध केले, मायदेशी धाडले. युद्धानंतर हे मिशन स्पेनच्या येशूसंघीयांकडे सोपविण्यात आले. त्यांच्यासमवेत १९२२ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, फादर हेरास मुंबईत उतरले.

त्यांच्या आगमनाची एक आठवण नेहमी सांगितली जाते. आपण कोणता इतिहास शिकवाल, असे महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यांना विचारले. विद्यार्थ्यांना कोणता इतिहास शिकावा लागतो, असा उलट प्रश्न हेरास यांनी केला. भारताचा, असे उत्तर मिळताच, तर मग मी भारताचाच इतिहास शिकवीन, असे त्यांनी सांगून टाकले. वास्तविक त्यांची सारी तयारी युरोपच्या इतिहासाची होती. भारताविषयीचे त्यांचे ज्ञान जुजबी होते. परंतु विद्यार्थ्याची गरज आधी, गुरूची सोय नंतर, हा निर्णय त्यांनी तत्क्षणी घेतला आणि चौतिसाव्या वर्षी ते स्वतः विद्यार्थी झाले.

येथेच व्यापक शिक्षणाचे मोल कळते. ज्याने केवळ एकच विषय घोकला आहे, त्याच्या हातून तो विषय काढून घेतला की तो रिकामा होतो. हेरास रिकामे झाले नाहीत. भाषांच्या अभ्यासाने त्यांना नव्या लिप्यांचे भय उरले नव्हते. तत्त्वज्ञानाने पुराव्याची पारख शिकविली होती. ईशज्ञानामुळे दुसऱ्याच्या श्रद्धेकडे आदराने पाहण्याची दृष्टी आली होती. ताम्रपट, शिलालेख, नाणी, मंदिरे, लेणी आणि जुने दप्तर यांच्या अभ्यासात त्यांनी स्वतःला झोकून दिले. अवघ्या पाच वर्षांत, म्हणजे १९२७ साली, विजयनगरच्या अराविडू राजघराण्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरच्या साम्राज्याचे काय झाले, याची साद्यंत हकिकत त्यात आहे. एतद्देशीय शिलालेख व साहित्याबरोबरच येशूसंघीय मिशनऱ्यांची पत्रेही त्यांनी साधन म्हणून वापरली. अनेक भाषा जाणणाऱ्यालाच हे शक्य होते. पुढे पल्लव राजवंशावरही त्यांनी मोलाचे लेखन केले.

१९२६ साली त्यांनी महाविद्यालयात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. ग्रंथ, हस्तलिखिते, नाणी व मूर्ती यांचा संग्रह हळूहळू उभा राहिला. पाठ्यपुस्तकातील उतारे पाठ करून उत्तीर्ण होण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. विद्यार्थ्याने मूळ साधनाला हात लावावा, लेख स्वतः वाचावा, दोन साधनांत विसंगती आढळली तर ती का, याचा शोध घ्यावा, यावर त्यांचा भर असे. त्यांच्या शिष्यांनी पुढे मोठे कार्य केले. जॉर्ज मोराईस यांचा कदंब राजवंशावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. गोव्यावर राज्य केलेल्या या घराण्याचा अभ्यास करणाऱ्यास आजही तो पाहावा लागतो. मोराईस यांनी पुढे भारतातील ख्रिस्ती धर्माचा इतिहासही लिहिला.

सिंधू संस्कृतीने तर फादर हेरास यांना अक्षरशः वेड लावले. मोहेंजोदडो येथील मुद्रांवरची लिपी वाचण्यासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घातली. ही भाषा द्राविडी कुळातील असावी, असा त्यांचा सिद्धान्त होता. १९५३ साली या विषयावरील त्यांचा बृहद् ग्रंथ प्रकाशित झाला. मुद्रांवरील माशाच्या चिन्हाविषयी त्यांनी मांडलेली कल्पना प्रसिद्ध आहे. द्राविडी भाषांत मीन या शब्दाचा अर्थ मासा आणि तारा असा दुहेरी होतो. तेव्हा माशाचे चित्र हे ताऱ्याचे निदर्शक असू शकेल, असे त्यांनी सुचविले. आपण राशीच्या नावात जो मीन शब्द वापरतो, त्यातून मोहेंजोदडोपर्यंत जाऊन पोहोचणारी ही दृष्टी होती.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करावी लागेल. संपूर्ण लिपी वाचल्याचा फादर हेरास यांचा दावा विद्वानांनी स्वीकारला नाही. ती लिपी आजही अनिर्णित आहे. तथापि माशाच्या चिन्हाविषयीची त्यांची सूचना आस्को पार्पोला, इरावतम् महादेवन् यांच्यासारख्या संशोधकांनी पुढे नेली. आपल्या श्रमांचा काही भाग काळाच्या कसोटीला उतरेल, काही गळून पडेल, हे खऱ्या विद्यार्थ्याने मनोमन स्वीकारलेले असते. ही नम्रता हाही शिक्षणाचा एक भाग होय.

ख्रिस्ती श्रद्धेने या भूमीचा वेष परिधान करावा, अशी फादर हेरास यांची तळमळ होती. गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका हे पवित्र मरियेला साडीत, भारतीय स्त्रीच्या रूपात चितारीत. त्यांच्यावर टीका करणारे पुष्कळ होते, परंतु हेरास यांनी त्यांना आपुलकीने प्रोत्साहन दिले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने संस्कृतीशी संवादाचे दार उघडण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. भारताचा इतिहास त्यांनी केवळ शिकविला नाही. त्या इतिहासाने त्यांनाही घडविले, हे यावरून ध्यानात येते.

१४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबई येथे, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते ख्रिस्तवासी झाले. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. १९८१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळू या. आपल्या मुलांना नोकरी मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या नोकरीसाठी आज मुलगा शिकतो, ती वीस वर्षांनी त्याच रूपात राहील, याची हमी कोण देणार? चौतिसाव्या वर्षी नव्याने शिकण्याची वेळ फादर हेरास यांच्यावर आली, तशी ती आपल्या मुलामुलींवरही येईल. तेव्हा उपयोगी पडेल ती शिकण्याची सवय, भाषेवरील पकड आणि खरेखोटे पारखण्याची बुद्धी.

दुसरी बाब अधिक जिव्हाळ्याची आहे. आपला धर्म परका, आपण परके, असे टोमणे ख्रिस्ती तरुणांना अधूनमधून ऐकावे लागतात. त्याला रागाने दिलेले उत्तर टिकत नाही, ज्ञानाने दिलेले टिकते. भिवंडी तालुक्यातच लोनाडची लेणी आणि शिलाहारकालीन मंदिर आहे. वज्रेश्वरीच्या देवळाचा संबंध चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेशी सांगितला जातो. त्याच वसईत आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेच्या खुणा आहेत. हे सारे आपलेच आहे. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका धर्मगुरूने या मातीचा इतिहास आपला मानला. मग येथेच जन्मलेल्या आपल्या मुलांनी तो वेळापत्रकातील ओझे का समजावा?

म्हणून बंधुभगिनींनो, यंदा आपला मुलगा वा मुलगी विषयांची यादी घेऊन घरी येईल, तेव्हा सक्तीच्या विषयांकडे पाहून कपाळाला आठ्या घालू नका. त्या विषयाचे पुस्तक त्याच्यासमवेत एकदा उघडून पाहा. सुटीच्या दिवशी लोनाडला किंवा वसईच्या किल्ल्यात घेऊन जा. सर्व सत्याचा उगम एकाच परमेश्वरात आहे, अशी ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. त्या सत्याकडे जाणारी कोणतीही वाट आपल्या लेकरांसाठी बंद न होवो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.