आर्किमिडीजचीं यंत्रें

सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरींत ख्रिस्तपूर्व २८७ च्या सुमारास आर्किमिडीजचा जन्म झाला. त्याचा पिता फिडियस हा ज्योतिर्विद होता. आपल्या वाचकांस आर्किमिडीज ठाऊक असतो तो सोन्याच्या मुकुटाच्या गोष्टीवरून. परंतु त्याच्या नगरीला त्याची खरी गरज भासली ती निराळ्याच कामीं.

राजा हायरो याच्या आग्रहावरून त्यानें शांततेच्या काळींच दगड फेकणारीं यंत्रें रचून ठेविलीं होतीं. असल्या यंत्रांत बळ कोठून येई, हें समजून घेण्यासारखें आहे. जनावरांच्या स्नायूंचे अथवा केसांचे जाड दोर लाकडी चौकटींत ताणून पिळीत व अशा दोन पिळांत एकेक दांडा अडकवीत. दांड्यांच्या टोकांस बांधलेली दोरी मागें ओढली कीं पीळ अधिकच आवळे. दोरी सोडतांच तो उलगडूं पाही आणि दगड वेगानें भिरकावला जाई. दगड आठपट जड असल्यास पिळाची जाडी आठपट नव्हे, दुप्पटच करावी आणि त्याच प्रमाणांत सर्व यंत्र वाढवावें, असा घनमूळाचा नियम त्या काळच्या ग्रीक यंत्रकारांनीं पुष्कळ प्रयोगांअंतीं बसविला होता. हायरोच्या एका प्रचंड जहाजावरील आर्किमिडीजचें यंत्र सुमारें ७८ किलो वजनाचा दगड सुमारें १८० मीटर फेकी, असें प्राचीन ग्रंथकार लिहितात. त्यांत थोडी अतिशयोक्ति असावी.

हायरो ख्रि. पू. २१५ मध्यें वारला. पुढें नगरीनें रोमचा पक्ष सोडून कार्थेजची कांस धरली, आणि २१३ मध्यें सेनापति मार्सेलस साठ युद्धनौकांसह चालून आला. नौका दूर होत्या तोंवर मोठ्या यंत्रांनीं त्यांस झोडपलें. त्या पुढें सरकल्या व दगड डोक्यांवरून जाऊं लागले, तेव्हां कमी पल्ल्याचीं यंत्रें सुरू झालीं. रात्रीच्या काळोखांत अगदीं तटाशीं येऊन भिडावें, तर तटाला पुरुषभर उंचीवर पाडलेल्या भोंकांतून बाण सुटूं लागले! शत्रूस उभें राहावयास निर्धोक अशी जागाच उरली नव्हती. प्रत्येक यंत्राचा पल्ला आधीं फेकून व मोजून पाहिल्यावांचून हें साधलें नसतें. मार्सेलसनें अखेर हल्ले थांबवून नुसता वेढा घातला.

यंत्रें हरलीं नाहींत. माणसें गाफील राहिलीं. ख्रि. पू. २१२ मध्यें एका देवीच्या उत्सवांत पहारेकरी मद्यधुंद झाले असतां रोमन शिड्या लावून तट चढले. पुढें नगरी लुटली जात असतां एका शिपायानें वृद्ध आर्किमिडीजला ठार केलें. त्याला जिवंत ठेवावें अशी मार्सेलसची इच्छा होती, ती व्यर्थ गेली.

या यंत्रांविषयीं त्यानें एकही ग्रंथ लिहिला नाहीं. भूमितीपुढें त्याला तीं क्षुल्लक वाटत, असें प्लुटार्क सांगतो. त्याच्या थडग्यावर त्याच्याच इच्छेनुसार वृत्तचिति व तींत बसविलेला गोल कोरला होता. ख्रि. पू. ७५ मध्यें सिसेरोला तें थडगें कांटेरी झुडुपांत बुजलेलें आढळलें. सिराक्यूजच्या रहिवाशांस त्याचा पत्ताही नव्हता.