पहिल्या जागेचे मानकरी : जिम क्लार्क

मोहगाव, सौसर, पांढुर्णा या मराठी टापूत ज्यांनी शंकरपट पाहिला आहे, त्यांना घड्याळाशी शर्यत म्हणजे काय हे सांगावयास नको. जोडीने किती सेकंदांत पल्ला गाठला, यावर तिथे मान ठरतो. मोटारींच्या शर्यतीतही असाच एक मान आहे. मुख्य शर्यतीपूर्वीच्या फेऱ्यांत ज्याची एक फेरी सर्वांत कमी वेळात पुरी होते, त्याची मोटार आरंभी सर्वांच्या पुढे उभी राहते. या जागेस पोल पोझिशन म्हणतात. पूर्वी अशा जागा चिठ्ठ्या टाकून ठरत. १९३३ साली मोनॅकोच्या ग्रां प्री शर्यतीत त्या वेळेवरून ठरविण्यात आल्या. पुढे या मानावर ज्यांनी आपले नाव कोरले, त्यांत जिम क्लार्क हे एका शेतकऱ्याचे पुत्र होते.

क्लार्क यांचा जन्म ४ मार्च १९३६ रोजी स्कॉटलंडमधील किल्मनी या खेड्यात झाला. चार थोरल्या बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. वयाच्या सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते एडिंग्टन मेन्स येथील घरच्या शेतीवर राबू लागले. मुलाने शर्यतीत उतरावे हे आईवडिलांना मुळीच मान्य नव्हते. तरी १९५६ साली मित्राची मोटार घेऊन ते क्रिमंड येथे पहिल्या शर्यतीत उतरलेच. १९६० साली लोटस या संघातर्फे ते जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत आले, आणि पुढे १९६३ व १९६५ या दोन्ही वर्षी ते पद त्यांनी मिळविले.

अशा ७२ शर्यतींपैकी ३३ वेळा पहिली जागा क्लार्क यांची होती. त्यांच्यापूर्वी अर्जेंटिनाचे फांजिओ यांनी २९ वेळा हा मान मिळविला होता. १९६७ साली जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या डोंगराळ मार्गावर क्लार्क यांनी एक फेरी ८ मिनिटे ४.१ सेकंदांत पुरी केली. दुसऱ्या क्रमांकाची मोटार त्यांच्याहून नऊ सेकंदांनी मागे होती. मात्र प्रत्यक्ष शर्यतीत मोटार नादुरुस्त झाली आणि त्यांना ती अर्धवट सोडावी लागली.

हे एकदाच घडले असे नाही. ३३ पैकी १५ वेळाच पहिली जागा विजयात उतरली. मोनॅको येथे चार वेळा ते सर्वांपुढे उभे राहिले. तिथे जिंकणे त्यांच्या नशिबी कधीच आले नाही. उलट बेल्जियममधील स्पा येथे १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे ते जिंकले, आणि त्यांतील एकाही वर्षी पहिली जागा त्यांची नव्हती. विशेष असे की, हा मार्ग त्यांना मनापासून नावडता होता. १९६० साली तिथे एकाच शर्यतीत दोन तरुण चालक दगावले होते. एका फेरीचे यश बरेचसे चालकाच्या हातात असते. अखेरपर्यंत पोहोचण्यास यंत्राची साथ आणि दैवाचा कौलही लागतो.

१ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे त्यांनी पहिली जागा घेतली आणि शर्यतही जिंकली. हा त्यांचा पंचविसावा विजय. फांजिओ यांचा २४ विजयांचा उच्चांक त्याने मोडला. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ७ एप्रिल रोजी, जर्मनीतील हॉकेनहाइम येथे एका दुय्यम दर्जाच्या शर्यतीत त्यांची मोटार मार्ग सोडून झाडांवर आदळली. आईवडिलांना ज्याची धास्ती होती तेच घडले. वय अवघे बत्तीस.

पहिल्या जागेचा त्यांचा उच्चांक एकवीस वर्षे टिकला. १९८९ साली ब्राझीलचे आयर्टन सेना यांनी तो ओलांडला. पुढे लुइस हॅमिल्टन यांनी तर शंभरी पार केली. मात्र वर्षाकाठी आता शर्यती दुपटीहून अधिक होतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

चर्नसाइड गावच्या दफनभूमीत क्लार्क यांची समाधी आहे. तिच्या शिळेवर त्यांची ओळख आधी शेतकरी म्हणून कोरली आहे, आणि जगज्जेते म्हणून त्यानंतर.