म्हाताऱ्यांचे आचार्य : नागदेव

दिवाळीच्या सुटीत घरी गेले, तेव्हा पाचवीतल्या भावाने मला कॉलेजात काय शिकवतात ते विचारले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. मी ऐटीत आद्य मराठी वाङ्मयाविषयी बोलू लागले. त्याने वाङ्मय म्हणजे काय विचारले, आणि शेजारी तूर पाखडणाऱ्या आजीने मान खाली घालून सूप हलवणे चालूच ठेवले. मग मी सरळ गोष्टच सांगितली.

साडेसातशे वर्षांपूर्वी, देवगिरीला यादवांचे राज्य असताना, चक्रधरस्वामी नावाचे महात्मे गावोगाव पायी फिरत. ते मूळचे गुजरातचे, पण उपदेश करीत तो मराठीत. बायाबापड्यांनाही त्यांच्यापाशी जागा होती. 1274 च्या सुमारास ते निघून गेले आणि शिष्य पोरके झाले. ही मंडळी आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिली. पुढे गोविंदप्रभूंनीही देह ठेवला. तेव्हा सारा भार नागदेवांवर आला. त्यांनाच भटोबास म्हणत. महानुभाव पंथाचे ते पहिले आचार्य. आचार्य म्हणजे राजासारखा का, असे भावाने विचारले. छे! हे आचार्य भिक्षा मागून जेवत.

नागदेव स्वामींच्या आठवणी मनाशी घोळवीत बसत. म्हाइंभट या विद्वान शिष्याला वाटले, ही माणसे गेली की आठवणीही जातील. स्वामींना पाहिलेल्यांकडे जाऊन त्याने एकेक प्रसंग विचारून घेतला, नागदेवांकडून पडताळला आणि लिहिला. 1278 च्या सुमाराचे हे ‘लीळाचरित्र’ मराठीतले पहिले चरित्र.

केशिराज हे दुसरे मोठे पंडित. त्यांनी संस्कृतात स्तोत्र रचले. नागदेवांनी त्यांना थांबवले. अशाने आपल्या म्हाताऱ्या बायांच्या हाती काहीच लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे. एकदा संस्कृतात प्रश्न आला, तेव्हा आपल्याला स्वामींनी मराठीत शिकवले, मराठीतच विचारा, असे त्यांनी सांगून टाकले.

इथे आजीचे सूप थांबले. त्या म्हाताऱ्या कोण, असे तिने विचारले. मी महदाइसेचे नाव सांगितले. ती नागदेवांची चुलत बहीण, धवळे रचणारी, मराठीतली पहिली कवयित्री. आजीला जात्यावरच्या कितीतरी ओव्या येतात. तिने नुसती मान हलवली.

पुढची हकीकत मात्र मला खटकते. म्हाताऱ्यांसाठी मराठीत लिहिलेले हे ग्रंथ पंथाने नंतर सांकेतिक लिपीत घातले, आणि बाहेरच्यांना शतकानुशतके ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती कोंडी फोडली. त्यांत आपल्या यवतमाळच्या शारदाश्रमाचे डॉ. य. खु. देशपांडे होते. हे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? मलाही यंदाच कळले.

खरे सांगायचे तर परीक्षेच्या पेपरात मी अजून केशिराजासारखीच लिहिते. जड शब्दांना गुण बरे पडतात, असा माझा समज आहे. ग्रंथालयातून ‘लीळाचरित्र’ मात्र घरी नेले. ती जुनी मराठी वाचताना ओळीओळीला मीच अडखळते, आणि मी अडखळले की आजी मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावते.