थोर चित्रकार कावासे हासुई



भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची आणि कागदावर दाबायची, की छान फूल उमटतं. हे ठसेकाम आपण सगळ्यांनी केलं आहे. पण अशाच ठशांनी पाऊस, बर्फ, चांदणं आणि अख्खं खेडं कागदावर उतरवणारे एक चित्रकार जपानात होऊन गेले. त्यांचे नाव कावासे हासुई. जपानात आडनाव आधी लिहितात, म्हणजे कावासे हे त्यांचे आडनाव.

त्यांची ओळख मला कशी झाली ते आधी सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात पाणी शिरलं. आईने दप्तर माळ्यावर टाकलं म्हणून वाचलं, पण माझी चित्रांची वही खालीच राहिली. तिचा पार लगदा झाला. पहिलीपासूनची सगळी चित्रं तिच्यात होती. मी खूप रडले आणि आता चित्रं काढायचीच नाहीत असं ठरवून टाकलं. चित्रकलेच्या तासाला मी नुसती बसून राहायची. एके दिवशी बाईंनी मला जवळ बोलावलं, हासुईंची चित्रं दाखवली आणि त्यांची हकिगत सांगितली.

हासुई यांचा जन्म १८ मे १८८३ रोजी टोकियो शहरात झाला. घरी रेशमी दोऱ्यांचा धंदा होता. मुलाने तोच सांभाळावा अशी घरच्यांची इच्छा, पण मुलाचे सगळे लक्ष चित्रांत. पुढे धंदा बुडाला. तेव्हा हासुई काबुराकी कियोकाता या नामवंत चित्रकाराकडे शिकायला गेले. तोवर त्यांची पंचविशी उलटली होती. वय जास्त झाले म्हणून गुरूंनी त्यांना परत पाठवले. हासुई खचले नाहीत. दोन वर्षे दुसरीकडे शिकून ते पुन्हा त्याच दारात उभे राहिले. या वेळी गुरूंनी त्यांना शिष्य करून घेतले आणि हासुई हे नावही दिले.

१९१८ साली वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने त्यांची शिओबारा गावाची पहिली तीन ठसाचित्रे छापली. हे काम एकट्याचे नसते बरं का! चित्रकार चित्र काढतो. कोरणारा कारागीर ते चेरीच्या लाकडी फळीवर उलटे चिकटवतो आणि रेघा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढतो. मग वेगवेगळ्या रंगांसाठी वेगळ्या फळ्या. छापणारा फळीला रंग लावतो, वर कागद ठेवतो आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने घासतो. प्रत्येक वेळी कागद अचूक त्याच खुणेवर बसवावा लागतो. केसभर सरकला तरी चित्र बिघडते. आपल्याकडे लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा छापखाना होता. तिथे दगडावरून चित्रे छापत, जपानात लाकडावरून.

हासुई गावोगाव हिंडत. भातशेती, गवताने शाकारलेली घरे, नदीकाठ, देवळे, जे दिसेल ते वहीत उतरवून घेत. अशा वह्यांचा मोठा साठा झाला. आणि १ सप्टेंबर १९२३ रोजी मोठा भूकंप झाला. जेवणाची वेळ होती, घरोघरी चुली पेटलेल्या. सगळीकडे आगी लागल्या. एक लाखाहून अधिक माणसे गेली. वातानाबे यांच्या छापखान्यातल्या कोरलेल्या फळ्या जळाल्या. हासुईंचे घर जळाले आणि त्यासोबत त्यांच्या १८८ वह्यांची राख झाली.

हे ऐकलं तेव्हा मी गप्पच बसले. माझी तर एकच वही गेली होती.

हासुईंनी काय केले? ते नवी वही घेऊन प्रवासाला निघाले. तब्बल १०२ दिवस हिंडले. त्या प्रवासातून नवी चित्रे झाली. पुढे १९२५ साली त्यांनी टोकियोच्या झोजोजी मंदिराचे बर्फातले चित्र केले. ते लोकांना फारच आवडले. १९५३ साली सरकारने जुनी कला जपण्यासाठी त्यांच्याकडून एक चित्र करवून घेतले आणि त्याच्या कामाची नोंद करून ठेवली. तेही झोजोजीच्या बर्फाचेच होते. ७ नोव्हेंबर १९५७ रोजी हासुई वारले. त्यांची सहाशेवर चित्रे आज जगभर जपून ठेवली आहेत.

त्यातलं मागोमेचं चांदणं हे १९३० सालचं चित्र मला सगळ्यात आवडतं. उंच पाइनची झाडं, मागे पूर्ण चंद्र आणि एका घराच्या खिडकीत उजेड. तेव्हा मागोमे टोकियोच्या कडेला होतं. आता ते शहरात गेलं, तिथे घरंच घरं झाली. पण चित्रात ते खेडं तसंच आहे.

आपल्या वालीवचंही तसंच नाही का? आजी सांगते, ती डोक्यावर इरलं घेऊन आवणीला जायची. आता तिथे कारखान्यांचे गाळे आहेत. तुंगारेश्वरचा डोंगर मात्र अजून दिसतो. मी नवी वही घेतली आहे. पहिल्या पानावर तो डोंगर आणि इरलं घेतलेली आजी काढली आहे. इरलं चुकलंय असं आजी म्हणते, म्हणून दुसऱ्या पानावर ते परत काढणार आहे.

मुलांनो, आपापल्या आजी-आजोबांना जुनं वालीव विचारा आणि वहीत काढून ठेवा. पालकहो, आमच्या चित्रांच्या वह्या मात्र माळ्यावर ठेवा!